बरडावरचं गवत

नलू मनवरचं वावर टेकाडाच्या पायथ्याशी होतं आणि त्याच्या वर, उतारावर, खेमसिंग आडेचं मुरमाड बरड. मध्ये फक्त एक धुरा, दगडामातीचा बांध. नलूचं गाव आर्णीहून महागावकडे जाताना रस्ता सोडून आत, आणि खेमसिंगचा तांडा टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला. दोन्ही घरांत भांडण नव्हतं, तसं जाणं-येणंही नव्हतं. पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावर गाठ पडली तर इकडून जयभीम आणि तिकडून रामराम व्हायचा. तेवढंच.

नलूचं वावर तिच्या सासऱ्याला सीलिंगच्या वाटपात मिळालेलं. मिळालं तेव्हा त्यात मातीपेक्षा दगड जास्त होते. म्हाताऱ्यानं ते टोपल्यांनी वेचले आणि धुऱ्यावर रचले. नलू लग्न होऊन आली तेव्हाही ते काम सुरूच होतं. हळदीचे हात धुतले न धुतले तोच ती सासूच्या मागं दगड वेचायला गेली होती. पुढं म्हातारा-म्हातारी गेली, पण वावर तयार करून गेली. तूर, ज्वारी, मूग, कपाशी, जे टाकावं ते तिथं येत होतं.

वरच्या उतारावर तेव्हा हिवर, बोरी, पळस आणि गवत होतं. तांड्याची ढोरं तिथं चरत. मग कपाशीचं नवं बियाणं आलं. पहिल्या एक-दोन सालांत ज्याच्या-त्याच्या अंगणात कापसाचे ढीग लागले आणि प्रत्येकाला आपली पडीक जमीन डोळ्यांत सलू लागली. खेमसिंगनंही उतारावरची झाडं तोडली, मुळं उपटली, वरून खाली नांगर घातला आणि सगळं बरड कपाशीखाली आणलं. दोन सालं बरी गेली. नंतर बोंडं कमी होत गेली, भाव पडले, खरेदी केंद्रांसमोर बैलबंड्या तटून राहू लागल्या. पेपरांत रोज यवतमाळचं नाव येऊ लागलं ते याच दिवसांत. खेमसिंग मात्र दरवर्षी त्या उतारावर कपाशीच टोबत राहिला. दुसरं काय करावं, हे त्याला सुचत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

श्रावणात एका रात्री टेकाडावर धो धो पाऊस कोसळला. सकाळी नलू आणि तिचा नवरा बाबाराव वावरात गेले तेव्हा धुरा मधोमध फुटलेला होता आणि गुडघ्याएवढी झालेली कपाशीची पराटी मुरमाखाली गेली होती. पिवळट, खरबरीत मुरूम वावराच्या वरच्या तुकड्यावर पसरला होता. मधून कुठं-कुठं एखादं पान वर निघालेलं दिसत होतं.

बाबारावनं फुटलेल्या धुऱ्याचा एक दगड उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "तहसीलात अर्ज टाकतो. त्याच्या बरडाचं पाणी माह्या वावरात येते म्हणजे काय?"

"अर्जानं मुरूम उचलल्या जाईन का?" नलू म्हणाली. "मी जातो तांड्यावर. पहिले बोलून तं पाहू."

"तू एकटी काय बोलशीन?"

"तुम्ही आले तं बोलणं होत नाही, भांडण होते."

ते खरं होतं, म्हणून बाबाराव धुऱ्याकडं वळला.

तांड्यावर खेमसिंग घरापुढं बसून दोर वळत होता. उंच, हाडापेरानं मोठा माणूस. नलूनं काय झालं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण दोरावरचा हात थांबवला नाही.

"पाणी मी पाडलं का, वैनी?" तो म्हणाला. "उतार हाय. पाणी खाली येईनच. माह्या वावरातली अर्धी पराटी उखडून गेली, ते मी कोणाले सांगू?"

"पहिले येत नव्हतं न, भाऊ. झाडं होते तवा पाणी येत होतं, मुरूम नाही."

"म्हणजे मी माह्या जमिनीत पेरू नये?"

"तसं नाही म्हणत मी."

"मंग काय म्हणता?"

काय मागायचं हे ठरवून नलू आलीच नव्हती. ती उठली. दारात खेमसिंगची बायको हंसाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नलूला पाणीही विचारायची राहून गेली होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबाई एकटीच टेकाड उतरून खाली आली. नलू मुरूम उकरून एकेक झाड मोकळं करत होती. हंसाबाई तिच्या बाजूला उकिडवी बसली. तिनं हातानं मुरूम बाजूला केला, ओंजळ भरली, बोटांतून गाळून पाहिली. हाती खडे तेवढे राहिले.

"हे तं नुसते गोटेच हाय," ती म्हणाली. "माती कुठं गेली मंग आमची?"

"नाल्यानं गेली. अरुणावतीत गेली असन आतापर्यंत."

हंसाबाईनं वर पाहिलं. खालून तिनं आपलं बरड बहुधा कधी नीट पाहिलंच नव्हतं. उतारावर ओघळीच ओघळी पडल्या होत्या, आणि कितीतरी ठिकाणी खालचा पांढरट खडक उघडा झाला होता.

"माहा सासरा त्याच्यात ढोरं चारे," ती म्हणाली. "गवतात वासरू बसलं तं दिसत नव्हतं." मग थोडं थांबून, "काल तुले पाणी नाही विचारलं मी. मनावर घेऊ नको."

नलूची पोरगी मोनाली यवतमाळला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कृषी पदविका झाल्यावर मिळालेली कंत्राटी नोकरी. लोहाऱ्याला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला एसटीनं घरी यायची. त्या शनिवारी ती आली तेव्हा बाबाराव फुटलेला धुरा दगडांनी पुन्हा बांधत होता. ती वर जाऊन उतार फिरून आली. दोन्ही हातांत दोन मुठी माती होती, एक वरची, एक खालची.

"बाबा, धुरा कितीही बांधला तरी फुटते," ती म्हणाली. "वरची माती सुटून राह्यली. तिच्यात कर्बच उरला नाही."

"कर्ब म्हणजे?"

"पानं, मुळं कुजून जे काळं-काळं मातीत राह्यते ते. त्याच्यानं माती एकमेकीले धरून राह्यते, पाणी पिते. झाडाचं पान हवेतून ते घेते आणि मुळावाटी मातीत ठेवते. तठी झाडच नाही, वरतून दरसाल नांगर फिरते. मंग कुठून राहीन?"

"मंग उपाय काय?" नलूनं विचारलं.

"उतार झाकायचा. गवत लावायचं, झाडं लावायचे, आडवे चर खोदायचे. आणि काही सालं नांगर घालायचा नाही."

बाबाराव हसला. "जमीन त्याची, गवत आपण लावायचं?"

त्यानं ती गोष्ट तिथंच सोडली. पुढचे काही दिवस तो बंडीनं मुरूम भरून नाल्याकाठी टाकत राहिला. एवढा भरला की बैलांच्या खांद्यांना सूज आली. वावराचा एक कोपरा साफ दिसायला लागला तोच पुन्हा एक जोराची सर आली आणि होता तेवढाच मुरूम परत आला. त्या दिवशी बाबारावनं बंडी सोडली आणि बांधावर बसून राहिला.

नलू त्याच्याजवळ गेली. तिच्या मनात काही दिवसांपासून एक गोष्ट घोळत होती, ती तिनं सांगितली. खेमसिंगला बरड सोडायला सांगायचं तर त्याला पेरायला दुसरं काहीतरी द्यायला हवं. आपल्या वावराचा नाल्याकडचा पट्टा, जिथं मुरूम पोचला नव्हता, तो त्याला तीन सालं पेरू द्यावा. तोवर उतारावर गवत धरेल.

"ते आपलं सगळ्यात चांगलं रान हाय," बाबाराव म्हणाला.

"म्हणून तं तो घेईन."

"माह्या बापानं त्याच्यातला एकेक गोटा हातानं काढला, नलू."

"मीही काढले. आणि आता वरतून रोज येऊन राह्यले. किती दिवस काढसान?"

तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे पाहतच म्हणाला, "कर तुह्या मनानं. पण त्या बरडावर मी पाय ठेवणार नाही. दुसऱ्याच्या जमिनीत राबाची सवय माह्या बापानं तोडली, मी पुन्हा लावून घेत नाही."

त्या बोलण्यात तिच्यावरचा राग कमी आणि जुनं दुखणं जास्त होतं. नलूला ते कळत होतं. तिनं वाद घातला नाही.

खेमसिंगला तिचं म्हणणं ऐकून आधी संशय आला. "आज तुम्ही माह्या बरडात राबसान, उद्या म्हणसान आमचंच हाय."

"तशी भीती मलेही वाटाले पाह्यजे न, भाऊ," नलू म्हणाली. "माहं चांगलं रान तुमच्या हाती देऊन राह्यली मी. तुम्ही म्हटलं, सोडत नाही, तं मी काय करू?"

हंसाबाई आतून चहा घेऊन आली आणि या वेळी स्वतःही तिथंच बसली. नवऱ्याशी ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी हळू बोलली. नलूला त्यातला ढोरांचा उल्लेख तेवढा समजला. चाऱ्याअभावी मागच्या उन्हाळ्यात त्यांनी दोन गाई विकल्या होत्या.

"तीन सालं," शेवटी खेमसिंग म्हणाला. "त्याच्यात काही झालं नाही तं मी नांगर घालीन. मंग मले बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

त्या उन्हाळ्यात उतारावर चर खोदले गेले. मोनाली सुट्टीला आली की पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन उंची सारखी करून द्यायची आणि फक्की टाकून रेघ मारायची. त्या रेघेवर नलू, हंसाबाई आणि खेमसिंग खोदायचे. जमीन इतकी कडक की टिकास आपटलं तर ठिणगी उडायची. चराच्या खालच्या बाजूला माती लावून बांध केले. नाल्याकाठून मारवेल गवताची ठोंबं काढून आणली आणि ओल्या गोणपाटात झाकून ठेवली. पाऊस लागल्यावर ती बांधांवर लावली आणि मधे मधे सीताफळाची रोपं. हंसाबाईनं आणखी एक गोष्ट केली. तांड्यावरच्या बकऱ्या हिवराच्या शेंगा खातात आणि बिया त्यांच्या लेंड्यांतून पडतात. त्या बिया लवकर उगवतात हे तिनं आधी पाहिलेलं होतं. तिनं बकऱ्यांच्या कोठ्यांतून टोपल्या भरून लेंड्या आणल्या आणि चरांच्या कडेनं पुरल्या. मोनालीला ते इतकं आवडलं की तिनं प्रयोगशाळेतल्या साऱ्यांना सांगितलं.

पहिल्या पावसाळ्यात मात्र गवतापेक्षा तरोट्याचं तणच जास्त आलं. येणारे-जाणारे उभे राहून पाहायचे. "काय पेरलं खेमसिंग? तरोटा?" असं विचारून हसायचे. खेमसिंग उत्तर द्यायचा नाही, पण घरी येऊन चिडायचा. तांड्यावरच्या बायाही हंसाबाईवर रागावल्या, कारण तिनं उतारावर बकऱ्या येऊ देणं बंद केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जिथं चारलं तिथं आता काहून नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हंसाबाई सबंध दिवस काठी घेऊन उतारावर बसायची. एकदा तिच्या सख्ख्या नणदेशी, मानीबाईशी, यावरून मोठं भांडण झालं आणि मानीबाईनं तिच्या घरी येणं सोडलं. नलूला वाटायचं, हे सगळं आपण सुरू केलं आणि निस्तरते आहे ती हंसाबाई. तिनं तसं एकदा बोलूनही दाखवलं.

"माती माही गेली न," हंसाबाई म्हणाली. "तुही थोडी गेली?"

दुसऱ्या पावसाळ्यात गवत धरलं. ठोंबांना फुटवे आले, एक ठोंब दुसऱ्याला भिडलं, आणि तरोटा आपोआप मागं हटला. कुठून उडून आलं कोण जाणे, पण पवना गवतही आलं. हिवराची रोपं कमरेला लागली. पाऊस पडून गेला की चरांत पाणी थांबायचं आणि दोन दिवसांत मुरायचं. कार्तिकात नलू आणि हंसाबाईनं गवत कापलं, सुकवलं आणि धुऱ्याच्या वर हंसाबाईची मोठी गंजी लागली. मानीबाईकडे तिनं न मागता दोन भारे पाठवले. मानीबाईनं ते ठेवून घेतले, आणि दिवाळीला ती घरी आली नव्हती ती संक्रांतीला आली. खाली नाल्याकडच्या पट्ट्यात खेमसिंगला ज्वारी आणि तूर चांगली झाली. तूर भरडल्यावर त्यानं नलूकडे पायलीभर डाळ आणून ठेवली आणि बाबारावकडे न बघता निघून गेला. बाबारावनं डाळीकडे नुसतं पाहिलं. त्या रात्री मात्र त्यानं वरण मागून घेतलं.

मग फाल्गुनात आग लागली.

बाबारावनं आपल्या वावरातल्या वाळल्या पराट्या उपटून ढीग लावले होते. दरसाल सगळेच ढीग पेटवतात, तसे त्यानंही दुपारी पेटवले. नलू गावात होती. वारा पडलेला होता म्हणून त्यानं काडी लावली. ढीग अर्धे जळाले तोच वारा उठला आणि खालून वर वाहू लागला. एक पेटती पराटी धुऱ्यावर जाऊन पडली. धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटलं, आणि बाबाराव गोणपाट घेऊन धावेपर्यंत आग उतारावर गेली होती.

ज्या बरडावर पाय ठेवणार नाही म्हणून तो दोन सालं थांबला होता, तिथं तो धावत चढला. हिरव्या पळसाची फांदी तोडून बडवत सुटला. एका बाजूनं विझवावं तर दुसरीकडून भडका उठायचा. धूर पाहून तांड्यावरची माणसं आली, गावातनंही आली. खेमसिंग आला. त्यानंही फांदी तोडली आणि बाबारावच्या शेजारी उभा राहून बडवू लागला. हंसाबाईची गंजी पेटली तेव्हा तिच्याकडे कुणी जाऊच शकलं नाही. दिवस कलता कलता आग टेकाडाच्या माथ्यावर पोचली आणि जाळायला काही उरलं नाही म्हणून विझली.

उतार काळा झाला होता. बाबारावचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. तो राखेत उभा राहून खेमसिंगला म्हणाला, "माह्यानं झालं हे."

खेमसिंगनं घाम पुसला. "पाह्यलं मी," तो म्हणाला. "उद्या ट्रॅक्टर सांगतो."

घरी नलूनं बाबारावच्या हाताला मलम लावलं. मोनालीला फोनवर कळवलं तेव्हा तिनं आधी बापाच्या हातांचं विचारलं. मग ती म्हणाली, "धुऱ्याच्या वरचा पट्टा कापून मोकळा ठेवाले पाह्यजे होता. आग तिथंच थांबली असती. मी सांगाले पाह्यजे होतं."

सकाळी बाबाराव उठला, भाजलेल्या हातांवर सदरा चढवून घेतला आणि तांड्यावर निघाला. नलू बरोबर निघाली तेव्हा तो नको म्हणाला नाही. वाटेत उतारावर हंसाबाई दिसली. राखेत बसून विळ्याच्या टोकानं ती एक ठोंब उकरत होती. नलू तिच्याजवळ बसली. वरची पानं कोळसा झाली होती. हंसाबाईनं ठोंब मधून चिरलं. आत, मातीच्या लगत, मूळ पांढरं आणि ओलसर होतं.

"जिवंत हाय," हंसाबाई म्हणाली. नलूनं ते बोटानं दाबून पाहिलं.

त्या तिघांनीच खेमसिंगच्या दारात जाऊन बोलणं केलं. ट्रॅक्टर सांगून झालेला होता.

"तुमचं नुकसान माह्यानं झालं," बाबाराव म्हणाला. "नाल्याकडचा पट्टा आणखी दोन सालं पेरा. मी मागत नाही. पण बरडावर नांगर घालू नका."

खेमसिंगला हे अपेक्षित नव्हतं. ज्या माणसाला हे सगळं कधीच मान्य नव्हतं तोच येऊन मागत होता. "तुम्हाले काय त्याचं?" त्यानं विचारलं.

"काल वरती उभा होतो तवा खाली माहं वावर दिसे," बाबाराव म्हणाला. "दोन सालं झाले, त्याच्यात मुरमाचा एक गोटा आला नाही. ते मले खालून दिसत नव्हतं असं नाही. म्हणत नव्हतो."

हंसाबाईनं चिरलेलं ठोंब नवऱ्यापुढं ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. पण तो लगेच वाकणाऱ्यांतला नव्हता, आणि गंजी जळाल्याचं दुःख त्यालाही होतं.

"वरचं अर्धं मी नांगरतो," तो म्हणाला. "खालचं अर्धं राहू देतो. पाणी पडेपर्यंत उगवलं तं उगवलं."

तसं झालं. वरच्या अर्ध्यात ट्रॅक्टर फिरला, चर बुजले, कपाशी टोबली गेली. खालचं अर्धं काळंच राहिलं. मृग कोरडा गेला आणि नलू रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन बघायची. आर्द्रात पाऊस झाला आणि राखेतून टोकं निघाली, आधी इथं-तिथं, मग सगळीकडं. हिवराची बरीच रोपं मेली होती, पण काही बुंध्यातून फुटली. सीताफळाची मात्र सगळी गेली, ती परत आली नाहीत.

श्रावणाच्या अखेरीला तसाच मोठा पाऊस झाला. सकाळी चौघंही, कुणी कुणाला न बोलावता, उतारावर आले. वरच्या अर्ध्यात पुन्हा ओघळी पडल्या होत्या आणि कपाशीची झाडं आडवी झाली होती. तिथून सुटलेली माती आणि मुरूम खाली आला होता आणि गवताच्या पहिल्या ओळीत अडकला होता. ओळीमागं मातीची जाड पायरीच तयार झाली होती. त्याच्या खालच्या ओळींत थोडा गाळ, आणि धुऱ्यापर्यंत येता येता काहीच नाही. नलूच्या वावरात फक्त पाणी आलं होतं.

खेमसिंग त्या पायरीजवळ बसला. वरचा खडा बाजूला सारून त्यानं खालची बारीक माती मुठीत घेतली, दाबली, सोडली. तिचा गोळा तसाच राहिला. जाताना तो बाबारावला एवढंच म्हणाला, "दसऱ्यानंतर पराटी काढून टाकतो वरची. ठोंबं लागतीन बरीच."

"काढू," बाबाराव म्हणाला. "हात बरे झाले आता."

यानंतर चार-पाच सालं गेली. कापसाचा भाव एखाद्या साली वर गेला, बाकीच्या साली पडला. तांड्यावरची काही पोरं पुण्याकडं ऊसतोडीला आणि कारखान्यांत गेली. कुणाच्या घरात सोनं आलं असं काही झालं नाही. पण खेमसिंगच्या दारात पुन्हा गाय बांधली गेली, आणि नलूच्या विहिरीत उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त दिवस पाणी राहू लागलं. वावराच्या वरच्या कोपऱ्यात साचलेला जुना मुरूम तिनं सगळा काढला नाही. तिथं आवळे लावले. बाबाराव पराट्या जाळत नाही. तो त्या तोडून चरांत टाकतो. दरवर्षी थंडी पडली की धुऱ्याच्या वरचा पट्टा तो स्वतः कापून मोकळा करतो, आणि खेमसिंग आला नाही तर त्याला तांड्यावरून बोलावून आणतो. नाल्याकडचा पट्टा खेमसिंगनं बोलीप्रमाणे परत केला. बाबारावनं आणखी पेरा म्हटलं तरी ऐकलं नाही.

एका सुट्टीत मोनालीनं उतारावर खड्डा घेऊन माती तपासायला नेली होती. पुढच्या खेपेला तिनं खेमसिंगला सांगितलं, की धुरा फुटला त्या साली नेली होती तेव्हा कर्ब फार कमी होता, आता बराच वाढला आहे, अजून चांगल्या काळ्या रानाएवढा नाही, पण वाढतो आहे.

"किती सालं लागतीन?" त्यानं विचारलं.

"लय लागतीन, काका. जाते लवकर, येते हळूहळू."

"मंग आमच्यानं नाही पाहणं होत."

"ओम पाहीन न," ती म्हणाली. ओम त्याचा नातू, नुकताच चालायला लागलेला. खेमसिंगनं मान हलवली आणि गाईकडं गेला.

त्या कार्तिकात गवत कापायला नलू आणि हंसाबाई दोघीच होत्या. ऊन कोवळं होतं. खांद्याएवढ्या गवतात शिरल्यावर दोघी एकमेकींना दिसत नव्हत्या, फक्त विळ्यांचा आवाज येत होता. नलूला वाटलं, ही जमीन आपली नाही आणि कधी होणारही नाही. आपल्या मरणानंतर कुणी हिच्यावर आपलं नाव सांगणार नाही. तरी हिच्यातलं कुठलं ठोंब कुठून आणलं आणि कुठला हिवर आगीतून वाचला, हे आपल्याला आपल्या वावरापेक्षा जास्त माहीत आहे. हे काय झालं, याचा विचार करत ती थांबली होती.

"नलू, थकली का?" पलीकडून हंसाबाईनं विचारलं.

"नाही. अशीच उभी हाय."

"ये मंग. भाकर खाऊन घे, ठेचा आणला मी."

नलूनं कापलेलं गवत हातावर गोळा केलं, त्याची पेंढी बांधली आणि आवाजाच्या दिशेनं निघाली.